तुरीच्या पोत्यातून ब्रह्मदेश : आग्नेय आशियाशी आपलं नातं कशावर टिकेल?

कडधान्यवाला

गेली १९ वर्षं कडधान्यांच्या दलालीत आहे. वाशीच्या दाणाबंदरात रोज सकाळी आमच्या टेबलावर नमुन्यांच्या पुड्या उघडतात. अकोल्याची तूर, गुलबर्ग्याची तूर, लातूरची पांढरी, आणि त्यांच्याच शेजारी 'लेमन'. लेमन म्हणजे ब्रह्मदेशची, आजच्या म्यानमारची तूर. बाजारात तिला कुणी परकी मानत नाही. डाळमिलवाले ती वर्षानुवर्षं घेतात, आणि हा धागा वाचणाऱ्या बहुतेकांच्या वरणात ती कधी ना कधी शिजलेली आहे.

आग्नेय आशियाशी संबंध वाढवायचे, असं म्हटलं की बोलणं लगेच शिखर परिषदांवर जातं. नरसिंह रावांच्या काळात 'लुक ईस्ट' आलं, २०१४ मध्ये त्याचं 'अ‍ॅक्ट ईस्ट' झालं. दोन्हींचं महत्त्व मला मान्य आहे. पण हा सगळा प्रदेश आपल्यासाठी सुरू होतो तो म्यानमारपासून. आपली १,६४३ किलोमीटरची सीमा त्या देशाला लागून आहे. थायलंड, लाओस, व्हिएतनाम, कुठंही जमिनीवरून जायचं झालं तर पहिला उंबरा तोच. आणि त्या उंबऱ्यावर आपण कसे वागतो हे मी धंद्यात जवळून पाहिलंय, म्हणून लिहितो.

तिकडं उडदाला 'मातपे' म्हणतात. 'पे' म्हणजे कडधान्य. बागो आणि इरावतीच्या खोऱ्यात पावसाळी भात निघाला की त्याच ओलीवर मातपे पेरतात. तूर पिकते वरच्या कोरड्या पट्ट्यात, मंडाले, सगाइंग, मागवे या भागांत. तिथली माणसं स्वतः तूर आणि उडीद फारसे खात नाहीत. ते पिकवतात आपल्यासाठी. एका देशाचा शेतकरी शेजारच्या देशाच्या ताटाकडे बघून पेरणी करतो, याहून मोठा आर्थिक संबंध कोणता असेल?

आता २०१७ ची गोष्ट. त्याआधी २०१५ च्या ऑक्टोबरात तूरडाळ किरकोळीत २०० रुपये किलोच्या घरात गेली होती, आठवत असेल. तेव्हा आपण सगळ्यांना सांगत होतो, पिकवा, पाठवा, जेवढं येईल तेवढं घेऊ. ब्रह्मदेशच्या शेतकऱ्यानं पिकवलं. पुढच्या वर्षी आपल्याकडंही भरघोस पीक आलं आणि ५ ऑगस्ट २०१७ ला तुरीच्या आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा लागली. त्याच महिन्यात उडीद आणि मूग मिळून ३ लाख टनांची. यांगूनमधला आमचा एक व्यापारी, मोडकंतोडकं हिंदी बोलणारा, त्या संध्याकाळी फोनवर एवढंच विचारत होता, "भाई, ये कब बताया था?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. कारण आम्हालाही त्या दिवशीच कळलं होतं. तिकडचे भाव कोसळले. पुढच्या हंगामात त्याच्या ओळखीतल्या कितीतरी शेतकऱ्यांनी तुरीचं रान दुसऱ्या पिकाला दिलं.

ती चूक आपण काही अंशी सुधारली. २०२१ मध्ये म्यानमारशी करार झाला, दर वर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर, २०२१-२२ ते २०२५-२६ अशी पाच वर्षं. मोझांबिक आणि मलावीशीही तसेच करार झाले. म्यानमारच्या कराराची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. त्यापुढं काय, यावर कुठं फारसं बोलणं ऐकू आलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, की शेजाऱ्याशी नातं टिकतं ते आपल्या शब्दावर त्याला पेरणी करता येते का, यावर. तुमचे अनुभव वाचायला आवडतील. धंद्याबाहेरचेही.

राजिवड्याची

दादा, लेख वाचून राहवलं नाही. मी रत्नागिरीची. आमच्या गावात ब्रह्मदेश हा काही दूरचा देश नाही.

नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं, थिबा राजाला पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी राणी आणि मुलींसकट त्याला रत्नागिरीला आणून ठेवलं. तीस वर्षं तो इथं राहिला. थिबा पॅलेस बांधून झाला १९१० मध्ये, आणि १९१६ च्या डिसेंबरात तो गेला. आपल्या देशाचं तोंड त्याला पुन्हा दिसलं नाही. राजवाड्याच्या गच्चीतून खाडी दिसते, समुद्र दिसतो. लहानपणी आम्हाला सांगायचे की राजा तिथं उभा राहून गलबतं बघायचा. शाळेच्या सहलीला मी त्या जागी उभी राहून बघितलंय, आणि दुसरी-तिसरीत असूनही मला रडू आलं होतं.

आणि याच काळात उलट दिशेनं कोण गेलं? लोकमान्य. ज्यांचा जन्म रत्नागिरीचा, त्यांना १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मंडालेच्या तुरुंगात ठेवलं. म्हणजे मंडालेचा राजा रत्नागिरीत कैदेत, आणि रत्नागिरीचा लोकमान्य मंडालेत कैदेत, एकाच वेळी. १९१४ मध्ये टिळक सुटून आले तेव्हाही थिबा इथंच होता.

थिबाची थोरली मुलगी राजा गेल्यावर ब्रह्मदेशात गेली, पण पुन्हा रत्नागिरीला परतली. तिची मुलगी टूटू इथंच वाढली, मराठी बोलत, मराठी माणसाशी संसार करून. जुन्या बायका तिची आठवण काढतात ती गावातली एक बाई म्हणून. राजघराणं वगैरे कुणाच्या बोलण्यात नसतं.

२०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन भारतात आले तेव्हा मुद्दाम रत्नागिरीला येऊन राजाच्या समाधीवर गेले. एका देशाच्या अध्यक्षाला आमच्या गावात यावंसं वाटलं. आणि आपण त्या समाधीचं काय करतो? मी गेल्या महिन्यात गेले होते. फाटक बंद, आजूबाजूला घरं, पाटी शोधावी लागली. बर्मी भाषेत चार ओळी लिहिलेला माहितीफलक, वर्षातून एक कार्यक्रम, मंडालेच्या एखाद्या शाळेशी इथल्या शाळेची पत्रमैत्री. यातलं काहीच महाग नाही. मार्च २०२५ मध्ये मंडालेला भूकंप झाला तेव्हा आमच्याकडं दोन-तीन जणींनी मिळून पैसे जमवले आणि मग पाठवायचे कुठं हेच कळेना. एवढं जुनं नातं आणि आपल्याकडं तिथला एक पत्ता नाही!

बालाघाटी

मी औसा तालुक्यातला, लातूर जिल्हा. १४ एकर रान, त्यात दरसाल पाच-सहा एकर तूर, सोयाबीनमधी आंतरपीक. कडधान्यवाले साहेब, तुमचं लिखाण मनापासून आहे हे दिसतंय. पण ऑगस्ट २०१७ ला यांगूनचा व्यापारी फोनवर काय म्हणाला ते तुम्ही सांगितलं, त्याच वर्षीच्या एप्रिलात मी कुठं होतो ते मी सांगतो.

मी ट्रॅक्टरवर होतो. खरेदी केंद्राच्या रांगेत. दोन रात्री. हमीभाव बोनस धरून ५,०५०, आणि आडतीवर चार हजारांच्या आसपास मागत होते. केंद्रावर गेलं तर बारदाना संपला. बारदाना आला तर चाळणीत माल नापास. वडील तेव्हा हयात होते. ते घरून डबा घेऊन आले आणि तिथंच पोत्यावर झोपले. त्याच्या आदल्या वर्षी सगळे सांगत होते की तूर लावा, देशाला डाळ पाहिजे. आम्ही लावली. आमच्याही शब्दावर कुणी राहिलं नाही.

अलीकडचंच बघा. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव ७,५५० होता, मी त्याच्या खाली विकली. २०२५-२६ साठी तो ८,००० केला, चांगली गोष्ट. पण तुरीची आयात २०२१ मध्ये खुली झाली, पुढं शुल्कही काढलं, मुदत दर वेळी वाढत गेली. मग ती मार्च २०२६ पर्यंत वाढवली. मग माझा ८,००० हा आकडा कागदावरच राहायचा. ब्रह्मदेशच्या शेतकऱ्याशी माझं भांडण नाही. तोही माझ्यासारखाच असणार. पण नातं जोडायचं ते माझ्या रानातून रस्ता काढून नको.

कडधान्यवाला

बालाघाटी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. त्या एप्रिलात आम्ही मुंबईत बसून 'आवक जास्त, बाजार नरम' एवढंच लिहीत होतो. त्या आवकेत पोत्यावर झोपलेले तुमचे वडील होते. हे मी आधीच लिहायला हवं होतं.

पण माझा मुद्दा तुमच्या विरोधात जातो असं मला खरंच वाटत नाही. बघा, तुम्हाला आणि मंडालेच्या शेतकऱ्याला मारलं कुणी? दोघांनाही पेरणी झाल्यावर कळलेल्या निर्णयानं. २०१५ च्या टंचाईत दारं सताड उघडली, दीड-दोन वर्षांत धाडकन लावली, पुन्हा २०२१ मध्ये उघडली. या उघडझापेत व्यापारी कसाबसा तरतो, तो साठा इकडचा तिकडं करतो. शेतकऱ्याला तूर पेरली की सहा महिने रानातून हलता येत नाही.

म्हणून मला वाटतं, किती टन घेणार हे मेच्या आत सांगावं. आपली पेरणी जूनमध्ये, तिकडच्या तुरीचीही पावसाळ्याच्या तोंडाशी. आणि आकडा एका वर्षाचा नको, निदान तीन वर्षांचा हवा. दुसरं, आपल्या बाजारात भाव हमीभावाच्या खाली गेला की आयातशुल्क आपोआप लागावं आणि भाव एका मर्यादेवर गेला की आपोआप उतरावं. ती पायरी आधीच छापलेली असावी, म्हणजे यांगूनचा व्यापारीही ती वाचून सौदा करेल. शुल्क लागलं म्हणून तो नाराज होणार नाही. धंद्यात शुल्क असतंच. रात्रीतून लागलं म्हणून तो दुखावतो.

आणि एक सांगतो. आपली तूर आपल्याला पुरत नाही. चांगल्या वर्षीही काही लाख टन बाहेरून लागतेच. प्रश्न ती कुणाकडून आणि कशी घ्यायची, हा आहे. आफ्रिकेतूनही घ्यावी. पण शेजारचा देश, कोरडवाहू शेतकरी, तोच मोसमी पाऊस. त्याच्याशी बांधिलकी ठेवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

टेंगनौपाल

मी पुण्याची. नवऱ्याच्या नोकरीमुळे २०१६ ते २०१९ इंफाळमध्ये होते, तिथल्या एका शाळेत शिकवत होते. धाग्यात समुद्रमार्गे येणाऱ्या तुरीबद्दल बोलणं चाललंय, मी जमिनीवरच्या दारापाशी काय पाहिलं ते लिहिते.

इंफाळहून सीमेवरचं मोरे गाव ११० किलोमीटर. पल्लेलपर्यंत सपाट खोरं, मग टेंगनौपालचा घाट, ढगात शिरणारा. वाटेत तीन-चार ठिकाणी गाडी थांबवून तपासणी. मोरेला पोचलं की पलीकडं तामू, आणि अगदी फाटकाला लागून नामफलाँगचा बाजार. तेव्हा ओळखपत्र ठेवून दिवसभरासाठी पलीकडं जाता यायचं, संध्याकाळी परत. गालांना थनाकाचा पिवळसर लेप लावलेल्या बायका छत्र्या, चपला, ब्लँकेटं, सुका मासा विकत बसायच्या. भाव बोटांवर ठरायचा, रुपयांत. इंफाळच्या इमा कैथेलमधल्या, म्हणजे फक्त बायकांनी चालवलेल्या त्या मोठ्या बाजारातल्या, निम्म्या वस्तू या वाटेनं आलेल्या असतात, असं माझ्या सहकारी शिक्षिका सांगायच्या.

मला सगळ्यात आश्चर्य वाटलं ते मोरेमधल्या तमिळ वस्तीचं. ही माणसं मूळची ब्रह्मदेशात स्थायिक झालेल्या तमिळ कुटुंबांतली. १९६२ च्या लष्करी उठावानंतर तिथली दुकानं, गिरण्या सरकारजमा झाल्या आणि लाखो भारतीयांना बाहेर पडावं लागलं. यातले काही जहाजानं मद्रासला पोचले, तिथं करमेना, म्हणून पुन्हा चालत ब्रह्मदेशात जायला निघाले. सीमेवर अडवलं गेलं आणि ते मोरेतच राहिले. तिथं त्यांनी अंगाळपरमेश्वरीचं देऊळ बांधलंय, द्राविडी गोपुराचं. मी त्या गावात एका घरी इडली खाल्ली. वाढणारी आजी तमिळ, बर्मी, मैतेई आणि हिंदी अशा चार भाषा बोलत होती. अशी माणसं आपल्याकडं आयती आहेत, दोन्हीकडची रीत जाणणारी. त्यांना कधी कुणी विचारलं का, की व्यापार कसा वाढवावा?

म्यानमारशी सीमाव्यापाराचा करार १९९४ चा, मोरेहून प्रत्यक्ष सुरुवात १९९५ ला. आधी २२ वस्तूंची यादी होती, वाढत वाढत ६२ झाली. पण यादीत सुपारी, कडधान्यं, मसाले असे माल, आणि लोकांना खरं लागायचं ते यादीबाहेर. त्यामुळं अधिकृत नोंद कमी आणि खरी उलाढाल भलतीकडून. २०१९ च्या जानेवारीत तिथल्या मोठ्या तपासणी नाक्याचं उद्घाटन झालं. मी आनंदानं मुलांना त्याचा फोटो दाखवला होता. मग २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे फाटक बंद झालं, २०२१ च्या फेब्रुवारीत पलीकडं लष्करानं सत्ता घेतली, आणि ३ मे २०२३ पासून मणिपूर पेटलं. मोरेतली घरं जळाली. ती आजी कुठं आहे, मला माहीत नाही. फोन लागत नाही.

भारत-म्यानमार-थायलंड त्रिदेशीय महामार्ग मोरेपासून थायलंडच्या मे सोतपर्यंत, सुमारे १,३६० किलोमीटर. त्यातल्या तामू ते कालेवा टप्प्यात ६९ जुने पूल बदलायचे आहेत. त्यांचं काम व्हायलाच हवं. पण ज्या गावातून तो रस्ता सुरू होतो, तिथल्या माणसांची घरं आधी उभी राहू द्या.

सरळमार्गी

एक शंका. पैसे कसे देता-घेता? तिथल्या बँकांवर निर्बंध आहेत ना?

कडधान्यवाला

चांगला प्रश्न, आमच्या धंद्याचा निम्मा ताप हाच आहे. सौदा होतो डॉलरमध्ये, टनाला इतके डॉलर, चेन्नई किंवा न्हावाशेवा पोच. उठावानंतर तिथं डॉलरचा सरकारी भाव वेगळा आणि खुल्या बाजारातला वेगळा, आणि निर्यातदाराला मिळालेल्या डॉलरचा काही भाग सक्तीनं सरकारी भावानं बदलावा लागायचा. म्हणजे शेतकऱ्यापर्यंत पोचायच्या आधीच पैसा गळायचा. माझ्या ओळखीच्या एकाचे पैसे मधल्या तिसऱ्या देशातल्या बँकेत दोन महिने अडकले होते, आणि इकडं माल गोदामात.

२५ जानेवारी २०२४ पासून रुपया आणि क्यात (तिथलं चलन) असा थेट व्यवहार सुरू झाला, पंजाब नॅशनल बँकेतल्या विशेष रुपया खात्यातून. समुद्रमार्गे आणि सीमेवरच्या, दोन्ही व्यापारांना तो लागू आहे. अजून सगळे वापरत नाहीत, कारण रुपये हाती आल्यावर त्यांचं काय करायचं, हा तिकडच्या माणसाचा प्रश्न. त्याला आपल्याकडून औषधं, यंत्रं, सूत घ्यायचं असेल तरच रुपया कामाचा. म्हणजे आपला मालही तिकडं जायला हवा. एकतर्फी डाळ आणून रुपया चालत नाही.

आकडेमोड

सगळं भावपूर्ण आहे, पण प्रमाणही बघू या. आसिआन, म्हणजे आग्नेय आशियाई देशांचा संघ, त्याच्या तेव्हाच्या दहा देशांशी आपला मालव्यापार २०२३-२४ मध्ये १२० अब्ज डॉलरच्या वर. त्यात आपली निर्यात ४१ अब्जांच्या आसपास आणि आयात जवळजवळ ८० अब्ज. मुक्त व्यापार करार १ जानेवारी २०१० पासून लागू आहे आणि तूट त्या काळात वाढत गेली. म्हणूनच तो करार पुन्हा वाटाघाटीला काढलाय. २०१९ च्या नोव्हेंबरात बँकॉकला आपण आरसेप या मोठ्या प्रादेशिक व्यापार करारातून बाहेर पडलो ते याच भीतीनं. आपल्या आयातीतला मोठा भाग इंडोनेशियाचा कोळसा आणि पामतेल, मलेशियाचं पामतेल, सिंगापूर आणि व्हिएतनामची इलेक्ट्रॉनिक्स. म्यानमार या यादीत फार खाली.

शिवाय तिथं अंतर्गत युद्ध आहे. कलादान प्रकल्प घ्या. कोलकाता ते सित्वे ५३९ किलोमीटर समुद्रातून, सित्वे ते पलेत्वा १५८ किलोमीटर नदीतून, पुढं मिझोरामच्या झोरिनपुईपर्यंत ११० किलोमीटर रस्ता. करार २००८ चा. मे २०२३ मध्ये सित्वे बंदरात पहिलं जहाज लागलं, १,००० टन सिमेंट घेऊन. आणि जानेवारी २०२४ मध्ये पलेत्वा तिथल्या बंडखोर अराकान आर्मीनं घेतलं. बंदर एकाच्या ताब्यात, नदीकाठ दुसऱ्याच्या. अशा ठिकाणी पैसा आणि वेळ घालण्यापेक्षा व्हिएतनाम, इंडोनेशियाशी हवाई आणि सागरी मार्गानं घट्ट व्हावं, असं माझं स्पष्ट मत आहे. सिंगापूरशी २०२३ च्या फेब्रुवारीत यूपीआय जोडलं गेलं, तिथं राहणारा मुलगा आई-वडिलांना फोनवरून क्षणात पैसे पाठवतो. असं काम जास्त करावं.

आणि लष्करी राजवटीशी करार करणं योग्य का, याही प्रश्नाचं उत्तर धागाकर्त्यांनी द्यावं.

टेंगनौपाल

आकडेमोड, तुमचा शेवटचा प्रश्न खरा आहे आणि तो मला रोज छळतो. मी एवढंच सांगेन की राजवट आणि माणसं एक नव्हेत. उठावानंतर चिन प्रांतातून हजारो माणसं मिझोराममध्ये आली. मिझो आणि चिन एकाच कुळातले. राज्य सरकारनं त्यांना आसरा दिला, दिल्लीचा कल वेगळा असतानाही. चर्चच्या सभागृहांत, नातेवाइकांच्या घरांत त्यांची सोय झाली. गावागावांतून तांदूळ गोळा झाला. या प्रदेशाशी आपले 'सांस्कृतिक संबंध' कुणी सांभाळलेत असं विचाराल तर मी ऐझॉलकडं बोट दाखवीन.

आणि सीमेवरच्या माणसाला 'व्हिएतनामशी घट्ट व्हा' म्हणून कसं चालेल? नागालँडमधल्या लोंग्वा गावात आंघाच्या, म्हणजे तिथल्या राजाच्या, घरातून सीमा जाते. पूर्वी दोन्हीकडच्या डोंगरी लोकांना १६ किलोमीटरपर्यंत मोकळी ये-जा होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती बंद करण्याची घोषणा झाली, नंतर १० किलोमीटर आणि पास अशी व्यवस्था आली. सुरक्षेची गरज मी नाकारत नाही, मणिपूरमध्ये राहिलेली कुणीही नाकारणार नाही. पण पलीकडं शेत आणि अलीकडं चूल असलेल्या माणसाशी बोलून नियम केले असते तर बरं झालं असतं.

दीक्षाभूमीचा

नागपूरहून लिहितो. या धाग्यात एक गोष्ट राहतेय, ती आम्हाला फार जवळची आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांना दीक्षा दिली ती भदंत चंद्रमणी महास्थवीर यांनी. ते कुशिनगरला राहायचे, पण मूळचे अराकानचे. वर ज्या सित्वे बंदराची चर्चा चालली आहे, त्याच अराकानचे. त्याआधी १९५४ च्या डिसेंबरात बाबासाहेब रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. माझे आजोबा दीक्षाभूमीवर होते. ते सांगायचे, "बर्माचे भन्तेजी बोलले आणि आम्ही मागोमाग म्हटलं." आजोबांना ब्रह्मदेश नकाशावर दाखवता आला नसता. पण पंचशील त्यांच्यापर्यंत त्या देशाच्या भिक्खूच्या तोंडून आलं, हे ते कधी विसरले नाहीत.

तसंच विपश्यना. सत्यनारायण गोयंका मंडालेत जन्मलेले, रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडं शिकले, १९६९ मध्ये भारतात आले आणि १९७६ मध्ये इगतपुरीचं केंद्र सुरू झालं. गोराईचा पॅगोडा रंगूनच्या श्वेडगॉनच्या धर्तीवर आहे. म्हणजे बुद्धाचा धम्म इथून तिकडं गेला, त्यांनी तो दोन हजार वर्षं जपला आणि महाराष्ट्रात परत आणून दिला. मला नेहमी खटकतं ते हे, की आपण सांस्कृतिक संबंध म्हटलं की 'आपण त्यांना काय दिलं' तेवढंच मोजतो. अंगकोरवाटच्या देवळांचं जतन आपल्या पुरातत्त्व खात्यानं केलं, बागानच्या आनंद मंदिराचं काम केलं, त्याचा मला अभिमान आहे. पण त्यांच्याकडून काय घेतलं, हेही शाळेत शिकवा. ज्याच्याकडून घेतलंय हे आपण मान्य करतो, त्याच्याशी बरोबरीनं बसता येतं.

नागपूर विद्यापीठात पाली शिकायला बर्मी भिक्खू यायचे, माझ्या मोठ्या बहिणीच्या वर्गात दोघे होते. सणाला घरी जेवायला यायचे. आई त्यांच्यासाठी अकराच्या आत स्वयंपाक करायची, कारण दुपारनंतर ते जेवत नाहीत. अशा शिष्यवृत्त्या वाढवा.

राजिवड्याची

दीक्षाभूमीचा, तुमच्या आईंचं वाचून बरं वाटलं. या डिसेंबरात राजाच्या समाधीवर आम्ही काही जणी मिळून साफसफाई आणि दिवे लावायचं ठरवतोय. रीतसर परवानगीचा अर्ज करते. गोराईहून किंवा इगतपुरीहून कुणी बर्मी भाषा येणारं येऊ शकेल का? फलकावरच्या चार ओळी बिनचूक हव्यात.

कडधान्यवाला

ताई, माझ्या यांगूनच्या व्यापाऱ्याला मजकूर पाठवा, तो तपासून देईल. त्यालाच त्याचा आनंद होईल, कारण त्याची आई मंडालेची.

आकडेमोड, तुमच्या प्रश्नाला बगल देत नाही. सरकारी करारातला पैसा राजवटीपर्यंत जातो, हे खरं. पण म्हणून मातपे घेणं थांबवलं तर आधी मरेल तो बागोचा भातशेतकरी, ज्याला त्या राजवटीनं काहीच दिलेलं नाही. २०१७ मध्ये आपण ते एकदा केलंय आणि तेव्हा तिथं निवडून आलेलं सरकार होतं. व्हिएतनाम-इंडोनेशियाबद्दल माझी तक्रार नाही. पण २०२२ च्या एप्रिलात इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात जवळजवळ महिनाभर थांबवली होती, तेव्हा आपण 'रात्रीतून निर्णय' म्हणून ओरडत होतो. त्या दिवशी मला २०१७ चा तो फोन आठवला.

बालाघाटी, एक विचारायचं राहिलं. यांगूनहून मला दर जूनमध्ये एक निरोप हमखास येतो, "लातूर में बारिश कैसा?" त्यांचा सगळा अंदाज तुमच्या पावसावर असतो. मी आजवर बातम्या वाचून उत्तर देत आलो. यंदा तुमच्याकडून ऐकून देतो.

बालाघाटी

तुमचं शुल्काच्या पायरीचं मला पटलं. तीन वर्षांचा आकडा आधी छापला तर मीही माझ्या रानाचा हिशोब धरू शकतो. तेवढं झालं तर आयातीला माझी ना नाही.

त्यांना सांगा, यंदा मेमधीच इतका पाऊस झाला की रान वाफशावर यायला वेळ लागला. मृगात मग तीन दिवस चांगली उघडीप मिळाली, तेवढ्यात पेरणी उरकली. तूर बीडीएन ७११ वाणाची धरलीय, पाच एकर, उगवण चांगली आहे. आणि त्यांच्याकडं कोरड्या पट्ट्यात पाऊस कसाय, पेरणी किती झाली, ते विचारून इथं टाका. भूकंपात रान फाटलं असल्याचं ऐकलं, तेही विचारा.